उसनी बैठक

करवंदीच्या घाटात हल्ली सगळे ड्रायव्हर माझ्या बापासारखे बसतात.

कंबर सीटच्या मागच्या टोकाला टेकलेली, उजवा खांदा जरासा पुढे, मान बोटभर उजवीकडे. लांबून बस येताना दिसली की काचेमागे आप्पाच बसलेत असं वाटतं. बस जवळ आली की आत विशीतलं कुणी पोरगं नाहीतर पोरगी दिसते. आप्पा म्हणजे विष्णू धनावडे, सगळी नोकरी या घाटात काढून एकही अपघात न केलेले ड्रायव्हर. आणि त्यांची बैठक दुसऱ्यांच्या अंगात घालणारी मी, त्यांची मुलगी अनुजा.

ही बैठक ज्या सदऱ्यातून अंगात शिरते, त्याचं कागदोपत्री नाव 'देहमार्गदर्शक' असं आहे. ते कुणी घेत नाही. 'सह्यवाहिनी' बससेवेच्या आगारात सकाळी एकच ओरडा असतो, "ए, आप्पा घातलास का?" आपल्याला लोक सकाळी अंगात घालतात आणि संध्याकाळी खुंटीला टांगतात, याचं आप्पांना फार हसू यायचं. प्रत्येक बसच्या पाठीवर त्यांची बसलेली आकृती रंगवलेली होती. गावच्या जत्रेत पहिला नारळ त्यांच्या हातात. म्हातारपणी एवढा मान थोड्यांच्या वाट्याला येतो, आणि तो माझ्यामुळे आला याची मला चांगलीच घमेंड होती.

यामागचं विज्ञान अवघड नाही. उभं राहून हात लांब करा आणि फळीवरचा डबा काढा. हात हलायच्या आधीच पोटऱ्या आणि कंबर ताठ झालेल्या असतात. हात पुढे गेला की तोल जाणार हे शरीराला ठाऊक असतं, ते आपल्याला न विचारता तयारी करून ठेवतं. ड्रायव्हरचंही तसंच. स्टिअरिंग हात फिरवतात, पण वळण सुरू होतं कंबरेत. कसलेल्या माणसाचं शरीर ही तयारी लवकर करतं, नवख्याचं उशिरा. आप्पांच्या निवृत्तीआधी दोन वर्षं मी त्यांना एक तलम बंडी घालायला लावली. तिच्या धाग्यांनी त्यांच्या स्नायूंतली वीज टिपली. हजारो फेऱ्यांमधून जे दर वेळी सारखं घडत होतं तेवढं यंत्रानं ठेवलं, बाकीचं गाळून टाकलं.

आता सदरा उलट चालतो. नवा ड्रायव्हर वळणाशी आला की सदरा त्याच्या कंबरेला, खांद्याला, मानेला हलकी टोचणी देतो आणि शरीर आप्पांसारखं सावरतं. महिनाभरात टोचणी जाणवेनाशी होते, माणसाला वाटतं आपल्यालाच सुचलं. हे शेवटचं वाक्य मी भाषणांत मुद्दाम थांबून म्हणायचे. टाळ्या पडायच्या.

चाचणीचं अख्खं वर्ष बिनघोर गेलं. मग एप्रिलपासून कंडक्टर बंद झाले, कारण भाडं आता दारातच चेहरा बघून कापलं जातं. आणि महिन्याभरात तीन घटना घडल्या. एक मोटरसायकलवाला डोंगराकडच्या गटारात ढकलला गेला. एका गाईचा खुबा मोडला. आणि गेल्या आठवड्यात तेजल शिर्के नावाच्या आमच्या सगळ्यात हुशार पोरीनं, मोळी घेऊन चाललेल्या सगुणाबाईचा पाय मागच्या चाकाखाली घेतला. तिन्ही वेळा बसची डावी बाजू. तिन्ही वेळा ड्रायव्हर म्हणाले, आम्ही बघितलंच नाही.

"नाचता येईना अंगण वाकडं," विभागप्रमुख निंबाळकर म्हणाले. "सदरा चुकत नाही, मॅडम. पोरगी चुकली. उद्या चौकशी आहे, तिला घरी पाठवतो आणि पोलिसांकडे कागद देतो."

मलाही तेच हवं होतं. सदरा निर्दोष आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी बघून घ्यावं म्हणून मी रिकामी बस मागितली आणि तेजलला घाटात घेऊन गेले.

डाव्या अंगाला, दाराजवळच्या पहिल्या सीटवर मी बसले, मांडीवर यंत्राचा पडदा. पूर्वी कंडक्टर बसायचा ती जागा. तेजल बारीक अंगाची, पाटणकडची. उजवी वळणं तिनं अशी घेतली की दाद द्यावी. मग शेवग्याचं वळण आलं, उताराचं, डावीकडचं.

तिनं वेग कमी केला. आणि मग ती थांबली. बस नव्हे, ती. पडद्यावर तिच्या सगळ्या स्नायूंच्या रेघा सपाट झाल्या, जणू तिनं श्वास धरला. एवढासा क्षण. पुढच्या क्षणी सदऱ्यानं उजव्या खांद्याला टोचणी दिली आणि बस डावीकडे आत शिरली.

आणि मला दारातून दिसलं. कठड्याशी करवंदांची पाटी घेऊन बसलेली बाई, गिऱ्हाईक आलं म्हणून हसत उठत होती.

"तेजल! ब्रेक! ब्रेक मार!"

बस किंचाळत थांबली. मी दारातून खाली उडी मारली. पुढच्या चाकाखालून तांबडं लाल काहीतरी वाहत होतं. मग कठड्याला चिकटलेली बाई दिसली, धडधाकट. चाकाखाली होती ती पाटी.

"डोळं फुटलं का गं तुझं भवाने?" बाई ओरडली आणि मटकन खाली बसून रडायला लागली.

तेजल स्टिअरिंग सोडत नव्हती. तिची बोटं मला एकेक करून सोडवावी लागली.

"डावीकडे का नाही बघितलंस?" मी विचारलं.

"ताई, डावीकडं मान वळवली की मानेला टोचतंय. बाहेरच्या कॅमेऱ्याचा स्क्रीन बी डावीकडंच हाय, त्याच्यावर धूळ बसलेली. आन थांबल्याव आप्पा म्हणतोय, जा. रोज म्हणतोय." ती हुंदके देत होती. "मला वाटायचं, त्यांनी बघितलं आसंल."



आगारात परतल्यावर मी मूळ नोंदी काढल्या, यंत्रानं गाळायच्या आधीच्या. तो थांबा फक्त डाव्या वळणांवर होता. उजव्या वळणांवर कधीच नाही. आणि गाळलेल्या फेऱ्यांत थांब्यानंतर 'जा' आलंच नव्हतं, आप्पा नुसते थांबून राहिले होते. 'रस्त्यात अडथळा, दुर्लक्ष करावे' असा शिक्का मीच त्यांच्यावर मारला होता. म्हणजे त्या क्षणात आप्पा काहीतरी ठरवत होते, जावं की थांबावं. यंत्राला फक्त 'जा' शिकवलं गेलं होतं. पण ठरवत होते कशावरून? मान तर सगळा वेळ उजवीकडे होती. बसच्या डावीकडे त्यांनी दोन वर्षांत एकदाही बघितलेलं नव्हतं.

दुपारी घरी गेले. आई गेल्यापासून जेवायला मीच वाढते. आप्पा त्यांच्या ठरलेल्या जागी, डाव्या हाताला भिंत घेऊन पाटावर बसलेले. मी भाकरी वाढली, वांग्याची भाजी वाढली, शेंगदाण्याची चटणी ताटाच्या उजव्या कडेला ठेवली.

आणि माझा हात तिथंच राहिला.

जगात चटणी ताटाच्या डाव्या बाजूला वाढतात. आमच्या घरातही सगळ्यांच्या ताटात ती डावीकडेच असते. फक्त आप्पांच्या ताटात उजवीकडे. आई तशी वाढायची म्हणून मीही तशी वाढत आले. आप्पांची लहर, एवढंच मी धरून चालले होते.

मी ताकाची वाटी भरली आणि आवाज न करता त्यांच्या ताटाच्या डावीकडे, भिंतीच्या बाजूला ठेवली. ते जेवत राहिले. शेवटचा घास घेतला, भाकरीच्या तुकड्यानं ताट पुसलं.

"आज ताक न्हाई व्हय गं?" त्यांनी विचारलं.

वाटी त्यांच्या कोपरापाशी होती.

"आप्पा," मी म्हणाले, "डाव्या डोळ्यानं कधीपासून दिसत नाही?"

त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. मग हात डावीकडे सरकला, चाचपडला, वाटीला लागला. ताक सांडलं.

"तू हाय स्कूलला हुतीस तवापासनं," ते म्हणाले.

काचबिंदू होता. डॉक्टरनं सांगितलं तोवर डोळा गेला होता. डोळे तपासताना तक्ता वाचायच्या वेळी ते उजवा डोळा तळव्यानं झाकायचे आणि बोटांच्या फटीतून त्याच डोळ्यानं वाचायचे.

"माझ्या शिक्षणासाठी लपवलंत?" मी विचारलं. खरं सांगते, त्यांनी हो म्हणावं असं मला फार वाटत होतं.

"न्हाई," आप्पा म्हणाले. "खोटं कशाला बोलू? मला गाडी सोडवंना. आगारात झाडू मारायला बसवला आसता मला. घाट दिसला न्हाई तर मी जगतोय कशाला, आसं वाटायचं."

"आणि माणसं? सत्तर माणसं बसायची तुमच्या मागे!"

"मान पुरी वळवली की समोरचा रस्ता सुटतो. डावीकडं इस्माईल हुता की," ते पटकन म्हणाले, जसं काही हे मला माहीतच असायला हवं होतं.

इस्माईल मुकादम, त्यांचे कंडक्टर. आम्ही चाचा म्हणायचो. खाली चिपळूणला राहतात. तिकिटाचं मशीन येऊन किती वर्षं झाली तरी जुना तिकिटं टोचायचा पंच चाचा खिशात बाळगायचे. डावं वळण आलं की दाराशी उभे राहायचे, बाहेर वाकून बघायचे आणि पंच दांडीवर वाजवायचे. दोनदा टकटक म्हणजे जाऊ दे. आवाज नाही आला तर थांब. लहानपणी मी कितीदा ऐकलं होतं ते. मला वाटायचं, चाचांना नाद आहे.

म्हणजे तो थांबा आप्पा ठरवायला घेत नव्हते. ते ऐकत होते. आणि माझ्या सदऱ्याला कान नव्हते. अपघात न करणारा ड्रायव्हर एक माणूस नव्हताच मुळी, दोन होते, आणि मी त्यातल्या एकाचीच बैठक उचलून चाळीस गाड्यांना घातली होती.

"उद्या चौकशी आहे," मी म्हणाले. "तेजलचा दोष नाही हे मला सांगावं लागेल. का नाही, तेही सांगावं लागेल."

आप्पांनी ताटावरून हात मागे घेतला. मग म्हणाले, "सदरा बिघडलाय म्हण. यंत्र हाय, बिघाडतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, लेकी. म्हाताऱ्याची मूठ उघडून तुला काय मिळणार हाय?"

"बिघडलाय म्हटलं तर दुरुस्त करून परत घालतील. उद्याही चाळीस गाड्या जाणार आहेत घाटात. आज एक बाई मरता मरता वाचली, आप्पा."

"मग आजवर मी जे काय केलं ते समदं खोटं व्हय?" त्यांचा आवाज चिरकला. "लोक म्हणतील, आंधळा गाडी हाकत हुता. तुझ्या आईला बी म्हणतील, तिला ठावं हुतं."

ते उठले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. मी ताक पुसून घेतलं. मला त्यांचा राग आला होता आणि त्याहून जास्त त्यांची दया येत होती, आणि दोन्ही एकदम येऊ नयेत असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले तेव्हा त्यांचं अंथरूण रिकामं होतं. शेताकडे गेले असतील, मला तोंड दाखवायचं नसेल, असं मी धरलं. 

चौकशीच्या खोलीत तेजल खुर्चीच्या कडेवर बसली होती. सदरा अंगात नव्हता तरी कंबर मागे, मान बोटभर उजवीकडे. आप्पांची बैठक तिच्या हाडांत शिरली होती. शेजारी तिची आई, पदर तोंडाला लावून. निंबाळकरांनी कागद पुढे ओढला.

"मॅडम, सदरा तपासलात ना? निर्दोष?"

मी उभी राहिले. रात्रभर घोकलेलं वाक्य सगळं विसरले.

"निर्दोष आहे ती ही मुलगी," मी म्हणाले. "सदऱ्यात माझ्या वडिलांची बैठक आहे आणि माझ्या वडिलांना डाव्या डोळ्यानं दिसत नाही. पुष्कळ वर्षांपासून. त्यांच्या वतीनं डावीकडे कंडक्टर बघायचे. सगळे सदरे आत्ता, या क्षणी काढायला लावा."

निंबाळकर हसले. "एका पोरीला वाचवायला सख्ख्या बापाला आंधळं ठरवता? सह्यवाहिनीच्या प्रत्येक गाडीवर चित्र आहे त्यांचं. पुरावा काय?"

मी नोंदी काढायला लागले. ते बघेनात. "आलेख मला नका दाखवू," ते म्हणाले. "आलेखात काय वाटेल ते दिसतं." आणि त्यांनी सहीसाठी पेन उघडलं.

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. लांबलचक. मग पुन्हा.

खिडकीतून पाहिलं तर आवारात एक बस सुरू होती आणि तिच्या काचेमागे आप्पा बसले होते. यावेळी खरे आप्पा. अंगात सदरा. दाराशी इस्माईल चाचा उभे, पांढरी दाढी, हातात पंच.

"निंबाळकर साहेब," चाचांनी हाक दिली, "जरा वर या. गाडी मोकळीच आहे."

आम्ही सगळे धावलो. निंबाळकर चढले, मी चढले, मागून तेजल. आप्पांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"पहाटेच फोन केला ह्यानं," चाचा माझ्या कानाशी म्हणाले. "म्हणाला, इस्माईल, माझी पोर खोटं बोलणार नाही. तू ये. पहिल्या गाडीनं आलो."

"साहेब," आप्पा समोर बघत म्हणाले, "तुमची मोटार कुठं लावलीया मला ठावं न्हाय. पाण्याच्या टाकीला डावीकडं वळतो. इस्माईल, वाजवू नगंस."

"धनावडे, हे काय चाललंय?"

आप्पांनी बस सोडली. टाकीजवळ आले. वेग कमी केला. माझ्या हातातल्या पडद्यावर सगळ्या रेघा सपाट झाल्या. तोच थांबा. आवारातली सगळी माणसं बाहेर येऊन बघत होती. चाचांनी पंच दांडीजवळ धरला होता आणि वाजवत नव्हते.

सदऱ्यानं टोचणी दिली. उजवा खांदा उडाला. पण आप्पांचा पाय ब्रेकवर घट्ट होता. पुन्हा टोचणी. पुन्हा. स्वतःचंच पूर्वीचं शरीर म्हाताऱ्याला पुढे ढकलत होतं आणि म्हातारा जागचा हलत नव्हता. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

निंबाळकर दाराशी गेले, खाली वाकले, आणि त्यांच्या तोंडून आवाज फुटला, "थांबा! अहो थांबा!" त्यांची मोटार बसच्या पत्र्यापासून वीतभर होती.

"थांबलोय साहेब," आप्पा म्हणाले. "ह्यो म्हणतोय जा. इस्माईल म्हणत न्हाय."

निंबाळकरांनी ती वीतभर जागा पुन्हा एकदा बघितली. मग त्यांनी फोन काढला आणि घाटातल्या सगळ्या गाड्या जिथं असतील तिथं उभ्या करायला सांगितलं. आप्पांनी सदरा काढला. काढताना त्यांना बाही सापडेना, ती तेजलनं सोडवली.

"पोरी, तुझी चूक न्हवती," ते तिला म्हणाले. "माझी हुती." तिनं वाकून त्यांच्या पायाला हात लावला आणि त्यांनी तोंड फिरवलं.

पुढचं जे व्हायचं ते झालं. आप्पांवरही चौकशी बसली. बसच्या पाठीवरची आकृती पुसून तिथं पांढरे चौकोन आले. न्हाव्याच्या दुकानात लोक आप्पा येताना दिसले की बोलायचे थांबतात. या वर्षी जत्रेत पहिला नारळ दुसऱ्याला मिळाला. सगुणाबाईचा पाय वाचला, पण ती लंगडते, आणि आप्पा तिच्या दारात जाऊन आले. काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही. घाटात कंडक्टर परत आले आहेत. माझे सदरे गोदामात पडून आहेत आणि ते तिथंच राहावेत असं मला वाटतं.

आप्पा माझ्याशी बरेच दिवस बोलले नाहीत. मी वाढायची, ते जेवायचे. काल मी भाकरी वाढली, भाजी वाढली आणि चटणीचा चमचा सवयीनं उजवीकडे नेला.

"डावीकडं वाढ," आप्पा म्हणाले.

"दिसणार नाही तुम्हाला."

"समद्यांच्या ताटात आसती तिथं वाढ."

मी वाढली. आणि ज्या माणसाला मी आयुष्यात कधी डावीकडे बघताना पाहिलं नव्हतं, त्यानं मान वळवली. पूर्ण वळवली, अगदी हनुवटी खांद्याला टेकेपर्यंत, आणि उजव्या डोळ्यानं ताटाची डावी कड नीट बघून घेतली. मग बोटानं चटणी उचलली.

"तिखट झालीया," ते म्हणाले, आणि भाकरी मोडली.